हँडहेल्डला जोडलेला मोबाइल की लोरा ट्रॅकर: एपीआरएससाठी काय निवडावे?

चालता-फिरता आपले स्थान एपीआरएसवर (हौशी रेडिओवरून स्थान आणि छोटे निरोप पाठवण्याच्या व्यवस्थेवर) कळवायचे, तर परवानाधारक हौशी रेडिओचालकापुढे सध्या दोन सोप्या वाटा आहेत. हाताशी असलेला व्हीएचएफ हँडहेल्ड (हातात मावणारा रेडिओसंच) केबलने मोबाइलला जोडून १२०० बॉडची पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवावीत, किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारा छोटा लोरा ट्रॅकर (कमी शक्तीत लांब पोहोचणाऱ्या लोरा या रेडिओ पद्धतीने स्थान कळवणारे यंत्र) पाठपिशवीला अडकवावा. मी पहिल्या वाटेवर दोन वर्षे काढली आणि गेले वर्षभर दुसरीवर आहे, त्यामुळे माझा कल लपून राहील असे वाटत नाही.

जुन्या पद्धतीचे खरे बळ तिच्या जाळ्यात आहे. बॉब ब्रुनिंगा यांनी उभ्या केलेल्या या व्यवस्थेसाठी उत्तर अमेरिकेत १४४.३९० आणि युरोपात बहुतेक ठिकाणी १४४.८०० मेगाहर्ट्झ ठरलेले असल्याने अनोळखी मुलखातही उंचावरचा एखादा डिजिपीटर (पॅकेट ऐकून पुन्हा प्रसारित करणारे स्थानक) आपले पॅकेट उचलतो, आयगेट ते इंटरनेटवर चढवतो आणि नकाशावर ठिपका उमटतो. शिवाय पॅकेट सेकंदाच्या आत संपते. एखाद्या शर्यतीच्या मार्गावर वीस-पंचवीस स्थानके एकाच फ्रिक्वेन्सीवर दाखवायची असतील, तर मी आजही हीच पद्धत सुचवीन.

मला कंटाळा आणला तो आवाजाच्या पातळीने. मोबाइलमधून निघणारे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर हँडहेल्डच्या माइकमध्ये नेमक्या जोराने शिरले पाहिजेत. कमी पडले तर डिजिपीटरला ते उलगडत नाहीत आणि जास्त झाले तर कापले जाऊन तेच होते. एका चढाईत दुपारभर माझा ठिपका पायथ्याशीच थांबलेला होता. हँडहेल्ड दर दोन मिनिटांनी इमानेइतबारे प्रसारण करत होता, सोबत्याच्या रेडिओवर ते ओळखीचे चिरकणेही स्वच्छ ऐकू येत होते, आणि तरीही एकही पॅकेट पोहोचत नव्हते, कारण आदल्या रात्री गाणी ऐकताना वाढवलेला मोबाइलचा आवाज मी पुन्हा खाली आणलेलाच नव्हता. त्यात व्हॉक्सवर (आवाज येताच आपोआप प्रसारण सुरू करणाऱ्या सोयीवर) चालवायचे म्हटले की तो अंमळ उशिरा जागा होतो, पॅकेटचे डोके खातो, आणि म्हणून सुरुवातीचा विलंब वाढवून ठेवावा लागतो. एकदा तर निरोप आल्याची घंटी व्हॉक्सने उचलली आणि ती थेट एपीआरएसच्या फ्रिक्वेन्सीवर वाजली. एपीआरएस अंगातच असलेला हँडहेल्ड घेतल्यास हे सगळे टळते, हे मान्य केले पाहिजे. पण तो साध्या हँडहेल्डपेक्षा बराच महाग पडतो.

लोरा ट्रॅकरमध्ये हा आवाजाचा टप्पाच नाही. जीपीएस, प्रोसेसर आणि रेडिओ एकाच बोर्डावर बसतात, कॉलसाइन (रेडिओचालकाचे परवान्यावरचे ओळखचिन्ह) एकदा भरली की पातळी जुळवण्यासारखे काही उरत नाही. शक्ती जेमतेम १०० मिलिवॅट, पण स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर (लोराच्या संथ पण अतिशय संवेदनशील मांडणीवर) गोंगाटाच्या सुमारे २० डेसिबल खाली गेलेला संकेतही चिप वाचू शकते, आणि माझ्या अनुभवात दाट झाडीतून त्याची पॅकेट ५ वॅटच्या हँडहेल्डपेक्षा अधिक नेमाने पोहोचली. अर्थात हे मोजमाप नव्हे, आयगेटची उंची आणि अँटेना यांवर बरेच अवलंबून असते. या संवेदनशीलतेची किंमत वेळात मोजावी लागते: साधे पॅकेटही हवेत दोन-तीन सेकंद राहू शकते, म्हणून बीकन (ठरावीक वेळाने जाणारी स्थानाची पॅकेट) विरळ ठेवणे हेच शेजारधर्माला धरून आहे. फ्रिक्वेन्सीही सगळीकडे एकच नाही. युरोपात रुळलेली ४३३.७७५ मेगाहर्ट्झ इतरत्र चालेलच असे धरून चालू नये. आणि कानाने काहीच कळत नाही, याची मला अजून थोडी चुटपुट लागते.

मुख्य उणीव आयगेटची आहे. ज्या भागात आपण फिरता तिथे लोराचे आयगेट आहेत की नाहीत हे खरेदीपूर्वी नकाशावर पाहून घ्यावे. नसतील आणि नेहमीचा परिसर एकच असेल, तर ट्रॅकरसोबत वायफाय असलेला तसलाच दुसरा बोर्ड घेऊन तो गच्चीवरच्या अँटेनेला जोडावा आणि आपलाच आयगेट चालवावा. मी तेच केले, आणि त्या कामाला पूर्वी एका केबलची पातळी जुळवण्यात जात असे त्याहून कमी वेळ लागला.