कृत्रिम गवत, चौदा महिने आणि तो एक जोड

सहा महिन्यांनीच लिहिणार होतो, तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, बरं झालं आळस केला. आज लिहायला बसलोय कारण सकाळी अनवाणी चालताना अंगठा अडकला आणि बघतो तर जोड परत उघडलाय. या वेळी चांगला वीतभर.

35 मिमी पाती, पॉलिइथिलीन, मधे ते तपकिरी कुरळे धागे, मागे पाणी जायला भोकं, हे सगळं तुम्ही ब्रोशरमधे वाचलेलंच असणार. मला जोडाबद्दल बोलायचंय कारण त्याबद्दल कोणीच बोलत नाही, विकणारा तर नाहीच नाही.

हे गवत रोलमधे येतं. मला मिळाला तो रोल 4 मीटर रुंद आणि आमची जागा 4 मीटर अधिक दोन वीत. आता त्या दोन वीतांसाठी अजून एक लांब पट्टा कोण विकत घेणार? लांबीतून कापून उरलेला एक तुकडा होता, मी म्हटलं तोच आडवा फिरवून लावा की. बसवणारा म्हणाला, साहेब पाती वेगळ्या दिशेला पडतील, दिसेल ते. मी म्हटलं गवत आहे हो, कोण बघतंय. तर कोण बघतंय म्हणाल तर मीच बघतोय, रोज, चहाचा कप हातात घेऊन.

मखमलीवरून हात उलटा फिरवला की रंग बदलतो ना, तसंच आहे हे. पाती सरळ उभी नसतात, सगळी एका बाजूला कललेली असतात, म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने लावायचे असतात. माझा तुकडा काटकोनात. सकाळी तो बाकीच्या लॉनपेक्षा गडद दिसतो, संध्याकाळी फिकट, आणि मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी. बायको म्हणते तुझ्याशिवाय कोणाला दिसत नाही. खोटं आहे, पाहुण्यांना मी दाखवली की लगेच दिसते.

पण दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं. पहिल्या मोठ्या पावसानंतर कोपरा उचलला गेला. कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला, म्हणाले फोटो पाठवा. पाठवला. म्हणाले बाजूला मोजपट्टी ठेवून पाठवा. तेही केलं. मग उत्तर आलं की वॉरंटी रंग उडण्याची आणि पाती गळण्याची आहे, जोड हा 'बसवण्याच्या कामाचा भाग' आहे. बसवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो गोंद आणि टेप कंपनीनेच दिला होता. म्हणजे गवत कंपनीचं, काम त्याचं आणि मधली फट माझी. तीन वेळा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा 'समस्या सोडवली' असा मेसेज आला आणि खाली रेटिंग द्या म्हणे. दिलं मग, चांगलंच दिलं.

आता जरा न्यायाने बोलतो. आम्ही आठवड्यातून एकदा ज्या टर्फवर फुटबॉल खेळतो तिथे गोलसमोरचा तुकडा बदलायला एक माणूस आला होता, त्याला मी बाजूला घेऊन पिडला. तो म्हणाला रोल कापायच्या आधी काही तास उघडून पसरून ठेवायचा, कारण प्लास्टिक उन्हात ताणतं आणि गारव्यात आकसतं, आल्या आल्या कापलं की नंतर फट पडणारच. कडेच्या पात्यांच्या दोन-तीन ओळी कापून काढायच्या, खालची जागा कोरडी पाहिजे, टेप चांगला रुंद पाहिजे, आणि वर सिलिका वाळू ब्रशने भरायची म्हणजे वजनाने गवत जागेवर बसतं, पातीही उभी राहतात. वाळू! वाळूला मीच नको म्हटलं होतं, कशाला उगाच जास्तीचा खर्च म्हणून. आणि पसरून ठेवायला वेळ द्यायचा तर मी त्याच दिवशी काम संपवा म्हणून डोक्यावर बसलो होतो. तेव्हा वरचा राग निम्मा माझ्याच खात्यात टाका. सर्व्हिसवाल्यांचा निम्मा मात्र तसाच ठेवा.

वाळू आठव्या महिन्यात भरली आणि खरं सांगतो, लॉन बदललं. आधी चालायच्या वाटेवर पाती झोपलेली असायची, ती उठली, आणि ती रेघसुद्धा पुसट झाली. पुसट, गेली नाही.

एकदा डोक्यात बसलं की सगळीकडे जोडच दिसायला लागतात. हे सगळं जिथून गाजलं ते अमेरिकेतलं ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियम घ्या. 1965 ला उघडलं, वर पारदर्शक छत आणि खाली खरं गवत, पण छतातून येणाऱ्या प्रकाशामुळे खेळाडूंना उंच उडालेला बॉल दिसेना, म्हणून छताला रंग मारला, तर ऊन बंद होऊन गवत मेलं. मग 1966 मधे तिथे प्लास्टिकचं गवत आलं, त्याचं मूळ नाव केमग्रास, नंतर अ‍ॅस्ट्रोटर्फ झालं. आणि त्याचे पट्टे एकमेकांना चक्क झिपने जोडलेले होते, दप्तराला असते तशी चेन! 2001 मधे फिलाडेल्फियाला तर अमेरिकन फुटबॉलचा एक सराव सामना रद्द करावा लागला, कारण त्याच मैदानावर खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलच्या बेसची जागा झाकायला टाकलेल्या तुकड्याचा जोड नीट बसला नव्हता आणि समोरच्या टीमच्या कोचने पोरं उतरवायला नकार दिला. ते वाचून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. घरी वाचून दाखवलं, कोणाला काही वाटलं नाही.

खेळाचं गवत आणि घरचं लॉन या दोन वेगळ्या वस्तू आहेत हेही मला उशिरा कळलं. हॉकीचं एकदम आखूड, त्यावर पाणी मारून खेळतात. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिक हॉकी त्यावर आली आणि 1975 चा वर्ल्ड कप खऱ्या गवतावर जिंकलेला आपला संघ तिथे सातवा आला. फुटबॉलचं 50-60 मिमी, त्यात वाळू आणि जुन्या टायरचे काळे दाणे, जे बुटातून मोज्यात आणि मोज्यातून वॉशिंग मशीनमधे जातात. युरोपियन युनियनने 2023 च्या नियमात या दाण्यांच्या विक्रीवर बंदी घातलीय, ती 2031 पासून लागू होईल, कारण ते शेवटी मातीत आणि पाण्यातच जातात. घरच्या लॉनला दाणे लागत नाहीत, नुसती वाळू पुरते. कोणी दाणे विकायला लागलं तर घेऊ नका.

फायदे आहेतच, नाही कशाला म्हणू. चौदा महिन्यांत एकदाही कापलं नाही, पाणी नाही, खत नाही, पाऊस थांबल्यावर तासाभरात पोरं खेळतात आणि घरात चिखल येत नाही. पण दुपारच्या उन्हात अनवाणी पाय ठेवून बघा, चटका बसतो, खऱ्या गवतासारखं हे स्वतःला गार करत नाही. पाणी मारलं की गार होतं, पंधरा-वीस मिनिटं. पाणी वाचवायला घेतलं आणि थंड करायला पाणी मारतोय, हा हिशोब मी मुद्दाम करत नाही. आणि खिडकीच्या काचेवरून परावर्तित ऊन एकाच जागी पडत असेल तर तिथलं गवत वितळू शकतं, ते घ्यायच्या आधी बघा.

तर सल्ला इतकाच की जागा आधी मोजा आणि रोलच्या रुंदीत बसत नसेल तर कडेला फरशी किंवा कुंड्या ठेवा, तुकडा जोडू नका. जोडायचाच असेल तर दिशा एक. आणि माझ्यासारखे दोन वीत वाचवू नका.

साडेतीन स्टार देतोय. अर्धा वाळूने परत मिळवून दिला.

अपडेट: नीट वाकून बघितलं. जोड गोंदाने सोडलेला नाही, खालून खरं गवत उगवलंय. त्या पट्टीखाली तण थांबवणारं कापड टाकायचं राहिलं होतं, म्हणजे मीच नको म्हटलं होतं. उपटायला पाहिजे, कळतंय, पण त्याने ती रेघ बरोब्बर झाकली जातेय. सध्या कात्रीने 35 मिमीवर कापून ठेवलंय.