कोलंबोचा ब्लू-रे संच : चित्र थांबवून पाहणाऱ्यांसाठी

लेफ्टनंट कोलंबो हा पोलीस अधिकारी खुनांचा छडा लावतो त्या ‘कोलंबो’ या अमेरिकन मालिकेच्या १९६८ ते १९७८ या काळातील ४५ भागांचा ब्लू-रे संच मी गेले दोन महिने रोज रात्री थोडाथोडा पाहत आहे. ज्या मालिकेत खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवून टाकलेले असते, ती पुन्हा पाहण्यात काय उरते, असे मला घरात विचारण्यात आले. खुनी आधीच ठाऊक असल्यामुळे नजर टेबलावर, कोटाच्या खिशावर, गाडीच्या नंबरप्लेटवर फिरायला मोकळी होते, हे माझे उत्तर. आणि या संचावर खर्च केलेले पैसे वसूल होतात तेही नेमके तिथेच.

चित्राची सफाई उत्तम झाली आहे. मूळची चौकोनी चौकट तशीच ठेवली आहे, रुंद पडदा भरून काढण्यासाठी वरचा-खालचा भाग कापलेला नाही. याचा फायदा ‘डेड वेट’ या १९७१ च्या भागात लगेच कळला. लेफ्टनंट आपले ओळखपत्र उघडून दाखवतो ते दृश्य क्षणार्धात सरकते, पण तिथे चित्र थांबवले की ‘फ्रँक कोलंबो’ ही सही स्वच्छ वाचता येते. मालिकेने त्याचे पहिले नाव कधी तोंडाने उच्चारू दिले नाही, त्यामुळे या सहीवरून चाहत्यांत वर्षानुवर्षे वाद रंगले आहेत. फ्रेड वर्थ या सामान्यज्ञान-कोशकाराने तर आपल्या पुस्तकातून कोणी उचलेगिरी केलीच तर ती पकडता यावी म्हणून ‘फिलिप’ हे खोटे नाव मुद्दाम छापले होते. ते ‘ट्रिव्हियल परस्यूट’ या खेळात सापडल्यावर त्याने दावाही लावला, पण न्यायालयात तो टिकला नाही. हा सापळा खुद्द कोलंबोला शोभला असता, असे मला वाटते.

विसंगती शोधणाऱ्यांना इथे भरपूर खाद्य आहे. माझी आवडती विसंगती लेफ्टनंटचा सहकारी सार्जंट विल्सन याची. ‘द ग्रीनहाउस जंगल’ (१९७२) मध्ये तो फ्रेडरिक आहे आणि ‘नाऊ यू सी हिम’ (१९७६) मध्ये जॉन. अभिनेता मात्र तोच, बॉब डिशी, आणि लेफ्टनंटला आधुनिक तंत्र शिकवण्याचा त्याचा उत्साहही तोच. याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर ही मालिका दर आठवड्याला येत नसे. ‘मॅक्लाउड’ आणि ‘मॅकमिलन अँड वाइफ’ या मालिकांबरोबर आळीपाळीने तिचे भाग दाखवले जात, आणि भागांचे लेखकही वेगवेगळे असत. चार वर्षांपूर्वी सार्जंटचे नाव काय होते हे ताडून पाहण्याचे कोणतेच साधन त्या वेळच्या प्रेक्षकाच्या हाती नव्हते. रॉबर्ट कल्प आणि जॅक कॅसिडी हे अभिनेते प्रत्येकी तीन वेळा निरनिराळे खुनी म्हणून आले तरी कोणाला खटकले नाही, त्याचे निम्मे कारण हेच. उरलेले निम्मे कारण असे की दोघेही इतके झकास खोटे बोलतात की तक्रार करावीशीच वाटत नाही.

लेफ्टनंट जिच्याविषयी सतत बोलतो ती त्याची बायको, श्रीमती कोलंबो, खरोखर आहेत की त्याने संशयिताला गाफील ठेवण्यासाठी रचल्या आहेत, हा दुसरा जुना वाद. ‘ट्रबल्ड वॉटर्स’ (१९७५) पुन्हा पाहिल्यावर माझ्यापुरता तो मिटला. समुद्रसफरीवरील जहाजात त्या पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, पण जहाजावरच्या माणसांना त्या भेटलेल्या असतात. कल्पनेतली बायको जहाजावरच्या इतरांना भेटत नाही. १९७९ साली त्यांच्याच नावावर निघालेल्या वेगळ्या मालिकेचा हिशेब या वादात धरू नये, या मताचा मी आहे.

‘फरगॉटन लेडी’ (१९७५) या भागासाठी मात्र वेळ राखून ठेवावा. त्यात कोलंबो खुनाच्या रात्री घरात दाखवलेल्या चित्रपटाची लांबी आणि तो संपल्याची वेळ यांचा मेळ घालू पाहतो. रीळ मध्येच तुटले होते हे त्याला कळते. पण तुटलेले रीळ जोडायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ गेला आहे, म्हणजे तेव्हा प्रोजेक्टरपाशी कोणीच नव्हते. हे सगळे तो डोके खाजवत, जणू स्वतःशीच बोलत मांडतो. मीही हातात रिमोट घेऊन दृश्ये मागेपुढे करत तेच करत होतो, हे थोड्या वेळाने लक्षात आले आणि हसू आवरेना.

आता उणिवा. कोलंबो अर्धे वाक्य बोलून थांबतो, मागे वळतो, भलतेच काही विचारतो, आणि ही भूमिका करणाऱ्या पीटर फॉक यांच्या अभिनयाचा प्राण या अडखळण्यातच आहे. सबटायटल्समध्ये ही वाक्ये सरळ आणि पूर्ण करून टाकली आहेत. ज्यांना मूळ इंग्रजी नीट ऐकू येते त्यांनी ती बंदच ठेवावीत. डिस्क पुठ्ठ्याच्या घट्ट खाचांत बसवलेल्या असल्याने बाहेर काढताना ओरखडे पडतात. माझ्या संचातील एक डिस्क तर आली तीच ओरखडे घेऊन, आणि ती बदलून मिळवण्यासाठी विक्रेत्याशी चार वेळा पत्रव्यवहार करावा लागला. भागांची माहिती देणारी पुस्तिका फारच त्रोटक आहे. नव्याने मालिका पाहणाऱ्याला ‘लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर’ हा भाग नेहमीच्या घडणीचा नाही, त्यात खुनी आधी दाखवत नाहीत, एवढे तरी सांगायला हवे होते.

१९८९ पासून एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर आलेले नंतरचे २४ भाग या संचात नाहीत. कोलंबोच्या खटारा प्यूजो ४०३ गाडीची नंबरप्लेट जुन्या भागांत ०४४ एपीडी आहे आणि नंतरच्या भागांत ४४८ डीबीझेड. पहिली मी आता कितीही लांबून वाचू शकतो. दुसरीसाठी जुनी डीव्हीडी लावावी लागते, आणि तिच्यावर ती अजून पुसटच दिसते.