कारखाना परदेशी गेला, नोकरी गेली: ईएसआयच्या दोन बेकारी योजनांचे परीक्षण

चाकण, भोसरी किंवा तळेगाव परिसरातील एखाद्या कारखान्याने आपले उत्पादन परदेशी हलवले, तर केवळ त्या कारणासाठी कामगाराला मिळेल अशी स्वतंत्र मदत आपल्याकडे नाही. अमेरिकेत आयातीचा फटका बसलेल्या कामगारांना भत्ता आणि नवे प्रशिक्षण देणारी व्यवस्था १९६२ पासून होती आणि काम परदेशी गेलेल्यांनाही पुढे तिच्यात जागा मिळाली. पण १ जुलै २०२२ पासून तिथेही नवे अर्ज मंजूर होणे थांबले. आपल्या कामगाराच्या हाताशी उरतात त्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे ईएसआयच्या, दोन योजना. त्यांचा पैसा कामगाराच्या वेतनातून कापल्या जाणाऱ्या ०.७५ टक्के आणि मालकाने भरलेल्या ३.२५ टक्के वर्गणीतून उभा राहतो, त्यामुळे खिडकीवर अजिजी करण्याचे काहीच कारण नाही.

पहिली योजना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ रोजी सुरू झाली. मुळात ती सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम देत असे. करोनाच्या काळात, २०२० साली, हा दर ५० टक्के झाला आणि पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. ही रक्कम आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते. अर्ज ऑनलाइन करता येतो, प्रतिज्ञापत्राची अटही नंतर काढून टाकली गेली, आणि आधार, बँक खाते व ईएसआयची नोंद या तिन्ही ठिकाणी नावाचे स्पेलिंग एकच असेल तर काम सुरळीत होते. ते तसे नसेल तर मात्र वडिलांच्या नावातील एका अक्षरापायी अर्ज अडकून बसतो. सोयीच्या बाबतीत या योजनेला मी पाचपैकी चार गुण देईन.

दुसरी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासून आहे आणि आश्चर्य म्हणजे तिचे नाव फार थोड्या कामगारांच्या कानावर आलेले असते. कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कामगार कपातीमुळे बेकार झालेल्या विमाधारकाला ती पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता देते. त्या काळात त्याच्यावर आणि त्याच्या कुटुंबावर ईएसआयचे उपचारही चालू राहतात. महिना १८,००० रुपये वेतन धरून ढोबळ हिशोब केला, तर पहिल्या योजनेतून वाढीव दरानेही साधारण २७,००० रुपये हाती येतात, दुसरीतून मात्र पूर्ण मुदतीत १,६२,००० रुपये. इतका फरक असताना चौकशी करणाऱ्याला आधी छोट्या योजनेचाच रस्ता दाखवला जातो, हे मला समजत नाही.

मोठी योजना हातची जाते ती बहुतेक वेळा कागदावर. मालक किंवा ठेकेदार दरमहा ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणी भरतो, तेव्हा ज्याचे त्या महिन्यात कामाचे शून्य दिवस भरले त्याच्या नावापुढे एक कारण निवडावे लागते. त्या यादीत ‘काम सोडले’ आणि ‘कामगार कपात’ ही दोन वेगळी कारणे आहेत. चाकणमधल्या एका व्हेंडरकडची लाइन बाहेरदेशी गेली, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका ऑपरेटरसह त्या पाळीतील सगळ्यांच्या नावापुढे ठेकेदाराने सरसकट ‘काम सोडले’ असे टाकून दिले. जिग आणि फिक्स्चर, म्हणजे काम करताना सुटे भाग पकडून ठेवणारी साधने, खोक्यांत भरून कंटेनरमध्ये चढवताना याच पोरांनी हात लावला होता. नोंदीप्रमाणे मात्र ती आपणहून निघून गेली होती. कपातीचे पत्र नाही, म्हणून मोठ्या योजनेत बसवायचे कसे, असा प्रश्न उभा राहिला. स्वेच्छानिवृत्तीवर सही केली, तर दोन्ही योजनांचे दरवाजे बंद होतात. तेव्हा स्वेच्छानिवृत्तीसाठी मालकाने समोर ठेवलेला आकडा पाहताना वरचे १,६२,००० त्यातून वजा करून पाहावेत.

पात्रतेची मर्यादा हा या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा दोष आहे. महिना २१,००० रुपयांची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासूनची आहे, आणि पुण्याच्या मोठ्या वाहन कारखान्यांतील कायम कामगार ती केव्हाच ओलांडून गेलेले असतात. जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातील विक्री थांबवली, तळेगावचा कारखाना त्यानंतर फक्त निर्यातीसाठी चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले. अशा वेळी मर्यादेबाहेरच्या कामगाराच्या हाती ईएसआयऐवजी नुकसानभरपाईचा वाद आणि कोर्टाची तारीख येते. जो मर्यादेत बसतो तो बहुधा कंत्राटी असतो, आणि त्याच्याकडे कपातीचा पुरावा नसतो. विमा ज्याचा आहे त्याला कागद नाही, कागद ज्याचा आहे त्याला विमा नाही, अशी ही गत आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. रक्कम लहान आहे, पण तीही कपात झालेल्यालाच मिळते. म्हणून फुल अँड फायनलवर, म्हणजे नोकरी संपतानाच्या अंतिम हिशोबावर, सही करण्याआधी एचआरकडून ‘कामगार कपात’ असे स्पष्ट लिहिलेले पत्र घ्यावे, पोर्टलवर आपल्या नावापुढे कोणते कारण टाकले आहे ते लेखी विचारावे, आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयात दोन्ही योजनांची नावे घेऊनच चौकशी करावी.