एफआरराउटिंगवर बीजीपी: काही महिने चालवल्यानंतर

बीजीपी म्हणजे इंटरनेटवरची नेटवर्क्स एकमेकांना वाटा (राउट) सांगतात तो प्रोटोकॉल, आणि एफआरराउटिंग (एफआरआर) हे तो चालवणारं सॉफ्टवेअर. सेटअप असा: डेबियन सर्व्हर, 16 जीबी रॅम, दोन अपस्ट्रीमकडून (आपल्याला बाकी इंटरनेटशी जोडणारे प्रोव्हायडर) फुल टेबल, म्हणजे इंटरनेटवरचे सगळे राउट, आणि एका एक्स्चेंजच्या (नेटवर्क्स एकमेकांना जोडली जातात ती जागा) राउट सर्व्हरशी पिअरिंग, म्हणजे राउटची देवाणघेवाण. आयपीव्ही4 चं टेबल आता 10 लाख राउटच्या आसपास आहे, ते एफआरआर आरामात पेलतं. महागडा राउटर परवडत नसलेल्या छोट्या आयएसपीने हे बिनधास्त घ्यावं. डोकं लागतं ते पॉलिसीला, म्हणजे कोणते राउट घ्यायचे-द्यायचे ते ठरवायला.

सेशन उभं राहतं पण राउट एकही येत नाही, आणि समरीमध्ये संख्येच्या जागी ‘पॉलिसी’ दिसतं. हा बिघाड नव्हे. एफआरआरच्या आवृत्ती 7.4 पासून ईबीजीपी शेजाऱ्याला (दुसऱ्या नेटवर्कचा राउटर) आत-बाहेर दोन्हीकडे फिल्टर लावल्याशिवाय राउटची देवाणघेवाण होत नाही. ही अट बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. फिल्टर नसेल तर एका अपस्ट्रीमचे राउट दुसऱ्याला जातात आणि त्या दोघांमधलं ट्रॅफिक तुमच्या लिंकवर येऊन आदळतं. बाहेर जाणाऱ्या प्रीफिक्स-लिस्टमध्ये फक्त स्वतःचे प्रीफिक्स (आयपी पत्त्यांचे गट) ठेवा.

जाणारं ट्रॅफिक पूर्णपणे आपल्या हातात असतं. लोकल प्रेफरन्स (राउटला दिलेली पसंती, मोठा आकडा जिंकतो) एएस पाथच्या (वाटेतल्या नेटवर्क्सची यादी) लांबीआधी तपासला जातो, त्यामुळे ग्राहक 300, एक्स्चेंज 200, अपस्ट्रीम 100 एवढ्यावर काम भागतं.

येणारं ट्रॅफिक वळवणं हीच खरी कसोटी. स्वतःचा एएस नंबर (नेटवर्कचा ओळख क्रमांक) 3 वेळा प्रीपेंड केला, म्हणजे पुढे जोडून पाथ लांबवला, तरी ट्रॅफिक त्याच लिंकवरून येत राहतं, कारण अपस्ट्रीम आपल्या ग्राहकाच्या राउटला पिअरच्या राउटपेक्षा जास्त लोकल प्रेफरन्स देतो. पाथची लांबी मोजायची वेळच येत नाही. त्यांची कम्युनिटी (राउटला लावायचे टॅग) यादी मागून घ्या आणि तिथला प्रेफरन्स उतरवणारी कम्युनिटी लावा. तेही जमत नसेल तर /23 (512 पत्त्यांचा प्रीफिक्स) दोन्हीकडे जाहीर ठेवून त्यातला एकेक /24 (त्याचा अर्धा भाग) एकेका अपस्ट्रीमला द्या. जास्त नेमका प्रीफिक्स बाकी सगळ्या निकषांच्या आधी जिंकतो, आणि एक लिंक पडली तर /23 सांभाळून घेतो. मात्र आरओएमध्ये (हा प्रीफिक्स कोणता एएस जाहीर करू शकतो याची सही केलेली नोंद) कमाल लांबी 23 असेल तर हे /24 इनव्हॅलिड ठरतात आणि आरपीकेआय (अशा नोंदींची यंत्रणा) तपासणारी नेटवर्क्स ते टाकून देतात. दोन्ही /24 साठी वेगळे आरओए आधी करून घ्या. शिवाय जाहीर करायचा प्रीफिक्स राउटिंग टेबलमध्ये जसाच्या तसा हवा. त्यासाठी नल झिरोकडे (पॅकेट टाकून देणारा नावापुरता इंटरफेस) स्टॅटिक राउट टाका.

पॅकेट एका लिंकने येऊन दुसरीने परत जाणं इथे रोजचंच. लिनक्सचा आरपी फिल्टर (पॅकेट आलं त्याच इंटरफेसवरून परतीची वाट आहे का ते तपासणारा) 1 वर असेल तर अशी पॅकेट गुपचूप गळतात. लॉगमध्येही सहसा काही दिसत नाही. इंटरफेसवर 0 केलं तरी ‘ऑल’ची (सगळ्या इंटरफेससाठीची सेटिंग) किंमत 1 राहिली तर उपयोग नाही, कारण दोन्हींतली मोठी किंमत लागू होते.

होल्ड टाइम (शेजाऱ्याकडून काहीच न आल्यास सेशन तोडण्याआधी थांबायचा वेळ) 180 सेकंदांवर सोडू नका. मध्ये स्विच असेल तर पलीकडची फायबर तुटूनही आपला पोर्ट अप राहतो आणि 3 मिनिटं ट्रॅफिक खड्ड्यात जातं. अपस्ट्रीम तयार असेल तर बीएफडी (लिंक तुटल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल): दर 300 मिलिसेकंदांनी तपासणी, 3 चुकल्या की लिंक पडली. नाहीतर कीपअलाइव्ह (‘जिवंत आहे’ असा संदेश) दर 10 सेकंदांनी, होल्ड 30. दोघांतला कमी होल्ड टाइम ठरतो, त्यामुळे समोरच्याने काही बदलायची गरज नाही.