बारा हप्त्यांनंतर कारचे कर्ज मुदतीआधी बंद केले: अनुभव, हिशेब आणि 590 रुपये

नोव्हेंबर 2024 मध्ये मी 2019 सालची सेकंडहँड अर्टिगा घेतली आणि तिच्यासाठी एका फायनान्स कंपनीकडून 6 लाख रुपयांचे पाच वर्षांचे कर्ज काढले. गाडीविषयी माझी काहीही तक्रार नाही. हे लिहितो आहे ते कर्जाविषयी, कारण बारा हप्ते भरून ते मी मुदतीआधी बंद केले आणि त्या बंद करण्याचाच मला कर्जफेडीपेक्षा जास्त त्रास झाला.

गाडीच्या व्यवहाराच्या दिवशी एजंटाने तोंडी दर सांगितला तो 7 टक्के. महिना 13,500 रुपयांचा हप्ता, 60 महिने. 6 लाखांवर 7 टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज 2 लाख 10 हजार होते आणि एकूण 8 लाख 10 हजारांना 60 ने भागले की 13,500 येतात, त्यामुळे आकडे बरोबर जुळले आणि मी निश्चिंत झालो. हा फ्लॅट दर आहे, म्हणजे मुद्दल दर महिन्याला कमी होत असले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 6 लाखांवरच धरलेले आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. घटत्या शिलकीवर मोजला तर हाच दर साधारण 12.5 टक्के पडतो.

माझा समज असा होता की हप्त्यातले 10,000 मुद्दलात जातात आणि 3,500 व्याजात, त्यामुळे बारा हप्त्यांनंतर 4 लाख 80 हजार उरायला हवेत. प्रत्यक्षात पहिल्याच हप्त्यात 6,253 रुपये व्याजात आणि 7,247 रुपये मुद्दलात गेले होते. बारा हप्त्यांत मी 1 लाख 62 हजार भरले, त्यांतले जवळजवळ 70 हजार व्याज होते आणि 5 लाख 7 हजार 846 रुपये मुद्दल शिल्लक होते.

आपली फसवणूक झाली असे मी सुरुवातीला सरळ ठरवून टाकले होते आणि ओळखीच्या चार जणांना तसे सांगितलेही होते. ते विधान मला इथे दुरुस्त केले पाहिजे. कर्जाची फाईल पुन्हा काढली, तेव्हा तिच्यात मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाचा दर, आकार आणि अटी एकत्र देणारा कागद (इंग्रजीत केएफएस), सापडले. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत ते देणे बंधनकारक आहे. प्रक्रिया शुल्क धरून वार्षिक टक्केवारी दर 13.16 असे त्यात छापलेले होते, सोबत प्रत्येक हप्त्याची फोड करणारा तक्ता होता आणि खाली माझी सही होती. तेव्हा दर लपवला होता असे मी आता म्हणणार नाही. मात्र हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला ते समजावून सांगावे आणि विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळावेत, असेही तेच परिपत्रक म्हणते. माझे विवरण इंग्रजीत होते आणि चहा येईपर्यंत अकरा सह्या झाल्या होत्या. मला जो व्यवहार अन्याय्य वाटतो तो इथे आहे.

करारानुसार पहिले बारा हप्ते होईपर्यंत कर्ज बंद करता येत नव्हते आणि त्यानंतर शिल्लक मुद्दलाच्या 5 टक्के आकार होता. व्यक्तींनी व्यवसायाशिवाय इतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर असा आकार घेता येत नाही, पण माझा दर स्थिर होता. रिझर्व्ह बँकेचे जुलै 2025 चे निर्देशही 1 जानेवारी 2026 पासून मंजूर होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांनाच तो आकार माफ करतात. त्यामुळे 25,392 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 4,571 रुपये मी वाद न घालता भरले.

फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला नेमके किती भरायचे हे सांगणारे पत्र, मिळणे हा मात्र वेगळा विषय आहे. 7 नोव्हेंबर 2025 रोजी मी साताऱ्याच्या शाखेत लेखी अर्ज दिला. ते पत्र मुख्य कार्यालयातून येते, साहेब रजेवर आहेत, सर्व्हर बंद आहे, अशी उत्तरे ऐकत 18 तारीख उजाडली. या अकरा दिवसांत व्याज रोज 174 रुपयांनी चढत होते. पत्र हातात आले तेव्हा आकारांच्या खाली आणखी एक ओळ होती: विवरणपत्र शुल्क 500 रुपये, जीएसटीसह 590.

या 590 रुपयांवर मी पुढे दोन महिने घालवले आणि ते योग्यच केले असे मला आजही वाटते. कर्ज किती बाकी आहे हे कर्जदाराला सांगण्याचे पैसे कसले? मुख्य तथ्य विवरणात नसलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत कधीही घेता येत नाही, असा नियम आहे. मी विवरणातील शुल्कांचा रकाना पट्टी ठेवून ओळ न् ओळ तपासला. प्रक्रिया शुल्क, हप्ता परत गेल्याचा दंड, मुदतपूर्व परतफेडीचा आकार, हे सगळे होते. विवरणपत्र शुल्क नव्हते. शाखेत हे दाखवल्यावर "सगळेच भरतात, सर" असे उत्तर मिळाले. कर्ज अडकू नये म्हणून 20 नोव्हेंबरला पूर्ण रक्कम आरटीजीएसने भरली आणि 24 तारखेला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला त्या पानाचा फोटो जोडून ईमेल केला. तीस दिवस उत्तर आले नाही, म्हणून 26 डिसेंबरला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, जिला एक पैसाही लागत नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीतून स्वतःहून फोन आला.

आता बचतीचा हिशेब. पुढचे 48 हप्ते 6 लाख 48 हजारांचे होते आणि मी सगळे मिळून 5 लाख 41 हजार 9 रुपये भरले, म्हणजे 1 लाख 7 हजार वाचले, असे मी घरी सांगितले होते. पण हे पैसे सहकारी बँकेतल्या, त्याच महिन्यात मुदत संपलेल्या ठेवीतून आले आणि तिथे 7 टक्के व्याज मिळत होते. ते बुडालेले व्याज धरले तर आजच्या पैशांत खरा फायदा सुमारे 23 हजारांचाच उरतो. बंद करण्याचा आकार नसता तर तो 53 हजारांच्या घरात गेला असता. ज्यांच्याकडे ठेव नाही आणि दुसरीकडून 11 किंवा 12 टक्क्यांनी कर्ज काढून हे कर्ज मिटवायचे आहे, त्यांनी 5 टक्के आकार आधी वजा करून पाहावा. बहुधा हाती काही लागणार नाही.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. पैसे भरले तरी बँक खात्यातून दरमहा हप्ता कापण्याचा आदेश आपोआप थांबत नाही. माझ्या खात्यातून 5 डिसेंबरला पुन्हा 13,500 गेले आणि परत यायला नऊ दिवस लागले.

ना हरकत प्रमाणपत्र आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी लागणाऱ्या फॉर्म 35 च्या दोन प्रती 9 डिसेंबरला मिळाल्या, म्हणजे मुदतीत. पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत कागदपत्रे परत करून बोजा उतरवला नाही, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, हे कंपनीला माहीत असावे. एका प्रतीवर शिक्का नव्हता म्हणून शाखेत पुन्हा एक खेप झाली. जानेवारीत आरसीवरचा बोजा उतरला आणि विमा पॉलिसीवरचे कंपनीचे नावही वेगळा अर्ज देऊन काढून घेतले. सिबिलच्या अहवालात खाते "बंद" असे दिसते आहे. तिथे "तडजोड" (म्हणजे पूर्ण रक्कम न भरता मिटवलेले कर्ज) असा शेरा नाही ना, हे मी मुद्दाम पाहिले.

590 रुपये 29 जानेवारी 2026 रोजी जमा झाले. पासबुकात ती ओळ छापून घेतली आहे.