गिअरबॉक्स न उतरवताच क्लच सेटचं बिल लावलं, ट्रकवाल्यांनो बघून घ्या

क्लचचं पेडल बसलं की कोण लगेच "गिअरबॉक्स उतरवावा लागतोय, पूर्ण क्लच सेट गेलाय" म्हणाला तर आधी त्याला गाडीखाली नेऊन दाखवायला लावा. आमच्याकडनं असेच २६ हजार उकळले.

आमची गाडी कोकणातनं जांभा चिरा आणते, धाकटा भाऊ चालवतो. पेडल सैल पडलेलं, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र वाजायचं, पेडल पुन्हा पुन्हा दाबून पंप मारला की मग गिअर पडायचा. हायवेकडेच्या एका गॅरेजला लावली, त्यानं संध्याकाळी या म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी साध्या चिठ्ठीवर बिल, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, नवीन स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबलं की ऑईलच्या दाबानं क्लच सोडवतो तो), वर गिअरबॉक्स उतरवून चढवायची मजुरी. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला.

थोड्याच दिवसांत भरल्या गाडीनं करूळ घाट चढताना पेडल सरळ तळाला गेलं, गिअर पडेना. चाकाला दगड लावून गाडी कशीबशी थांबवली भावानं. त्या वळणावर पोराचं काय झालं असतं हे डोक्यात आलं की अजून हात थरथरतात, पैशाचं दुःख त्यापुढं काहीच नाही.

उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींनी खाली झोपून बघितलं आणि मलाच आत बोलावलं. बेल हाऊसिंगच्या (क्लचवरचं, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) बोल्टांवर जुना चिखल आणि ग्रीस वाळून बसलेलं, एकालाही पाना लागलेला नाही! गिअरबॉक्स खाली आलाच नाही तर प्लेट बदलली कुठनं? आणि नवीन म्हणून लावलेला सिलिंडर जुनाच, वरनं चंदेरी स्प्रे, रंगाखाली मातीचे कण. रबरी बूट मागं सारला तर ऑईल गळलं, खोलला तर बोअरला, म्हणजे आतल्या नळीला, गंजाचे खड्डे. असल्या बोअरमध्ये नवीन रबरी सीलचं किट टाकलं तरी सील कापलं जातं. त्या गॅरेजवाल्यानं फक्त क्लचच्या डबीत ब्रेक ऑईल भरून पाईपातली हवा काढलेली, म्हणून तेवढे दिवस पेडल टाईट लागलं.

मिस्त्रींनी नवीन सिलिंडर लावला. दोन बोल्ट, एक पाईप, पुशरॉड (सिलिंडरची दांडी) क्लच ढकलणाऱ्या फोर्कच्या खाचेत, मग एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं सिलिंडरवरचं हवा सोडायचं निपल सैल करून हवा सोडायची, आणि निपल आवळल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, बुडबुडे थांबेपर्यंत हेच. आमचा सिलिंडर हाऊसिंगच्या बाहेर आहे म्हणून एवढ्यात भागलं, काही गाड्यांत तो आत बेअरिंगसोबतच असतो, तिथं गिअरबॉक्स खरंच उतरवावा लागतो, तेव्हा आपल्या गाडीत कुठला आहे हे आधीच विचारून ठेवा.

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केलं की कर्रकर्र, डबीतलं ऑईल कमी होतंय, हाऊसिंगपाशी ओल दिसतेय, तर आधी पेडलजवळचा वरचा पंप, पाईप आणि खालचा सिलिंडर बघायला लावा. प्लेट झिजली की इंजिन नुसतं रेस होतं, गाडी चढाला ओढत नाही, जळका वास येतो, ते दुखणं वेगळं.

बोल्टांचे फोटो, तो रंगवलेला सिलिंडर, चिठ्ठी, सगळं जपून ठेवलंय. गॅरेजवाला फोनवर अजून सगळं बदललंय असंच म्हणतोय. ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवलीय. पोट भरायला स्वतःच गाडी चालवणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, त्यामुळं धंद्याची गाडी आहे म्हणून तक्रार चालत नाही असं कोण म्हणालं तर ऐकू नका.