दुचाकी दुरुस्ती प्रशिक्षण केंद्रातील समुपदेशन सेवा : एका समुपदेशकाचा अभिप्राय

पुणे परिसरातील एका स्वयंसेवी संस्थेच्या दुचाकी दुरुस्ती प्रशिक्षण केंद्रात मी दोन वर्षे समुपदेशक होते. बालगृहातून किंवा निरीक्षणगृहातून (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात ते गृह) बाहेर पडलेल्या, पाठीशी घर नसलेल्या 18 ते 21 वयाच्या मुलांसाठी हा सहा महिन्यांचा वर्ग चालतो. येथे मुले पाठवणाऱ्या संस्थांना आणि नोकरीसाठी येऊ पाहणाऱ्या समुपदेशकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

समुपदेशनाची खोली म्हणजे कार्यालयाला लागून केलेले प्लायवूडचे पार्टिशन. आतले बोलणे बाहेर जाते, हे मुलांनी पहिल्याच दिवशी ओळखले. शिवाय समोर खुर्चीत बसवले की ही मुले जबाब दिल्यासारखी बोलतात; पोलीस, बाल न्याय मंडळ, अधीक्षक अशा सगळ्यांपुढे सांगून त्यांची कहाणी त्यांना पाठच झालेली असते. म्हणून मी वर्कशॉपमध्येच बसू लागले. क्लच प्लेट उतरवताना, नजर नट-बोल्टवर ठेवून, मुलगा जे सांगून जातो ते खोलीत तासभर बसूनही निघत नाही. केंद्राने याला हरकत घेतली नाही आणि मुलांचे उस्ताद अशा वेळी आपण होऊन दूर जात, हे मी या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान मानते.

सोल्यूशनचा प्रश्नही केंद्राने समजून हाताळला. पंक्चर काढायला जे सोल्यूशन लागते, तेच रुमालात घेऊन हुंगण्याचे व्यसन यांतील काही मुलांना रस्त्यावर लागलेले असते, आणि येथे त्याच्या ट्यूब रोज हाताशी. कोणाचीही झडती न घेता ट्यूब मोजून देणे, मोजून परत घेणे आणि नव्याने व्यसन सोडलेल्याला पहिले काही आठवडे इंजिनाच्या कामावर ठेवणे, एवढ्यावर निभावले.

'ताई, गॅरेजवाल्याने पोलीस पडताळणी मागितली तर?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाचा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार बालपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी ठरवले असेल, त्याचा अपवाद. हे समजावून सांगायला वकील नियमित यायला हवे होते. ते काम माझ्यावरच पडले.

मुख्य तक्रार मात्र अभ्यासक्रमाची आहे, आणि ती समुपदेशकाची तक्रार का, हे सांगायला हवे. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचे प्रदूषण रोखणारे बीएस-6 निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांमध्ये कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन (इंजिनाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून इंधन देणारी यंत्रणा) आले, तरी येथे शिकवणीचा बहुतेक वेळ कार्ब्युरेटरवर जातो. सर्व्हिस सेंटरमध्ये रुजू झालेला मुलगा आठवड्याभरात 'मला काहीच येत नाही' या जुन्याच निष्कर्षावर येतो, आणि सहा महिन्यांत बांधलेला आत्मविश्वास तिथे ढासळतो. नेमक्या त्याच वेळी समुपदेशन बंद झालेले असते, कारण नोकरी लागली की नोंदवहीत 'यशस्वी' असा शेरा मारून फाइल मिटते. त्यानंतर मुलांचे फोन मी रात्री घरून घेत असे. ते ना कामात धरले जात, ना अहवालात.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. मुले पाठवणाऱ्या संस्थांनी प्रवेशाआधीच दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : फ्युएल इंजेक्शनचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि नोकरीनंतरचे किमान तीन महिने समुपदेशन.